उंबरावरची ताठ मान

घाटाखालच्या एका जंगलात एक धनेश राहत असे. गोष्टीतले पक्षी जंगलात राहणारच, त्यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण मुलांनो, हा धनेश एकटा राहत असे, आणि धनेशांमध्ये असं होत नाही. धनेश जोडीजोडीनं राहतात, जोडीनं उडतात, एक पुढे गेला तर दुसरा हाका मारतो. याला हाक मारायला कोणी नव्हतं. वडील तो पिल्लू असतानाच गेले, आई पुढे म्हातारी होऊन गेली, आणि दुसरा धनेश त्या जंगलात उरला नव्हता. कोयत्याएवढी मोठी पिवळी चोच, तिच्यावर आणखी एक टोपीसारखं शिंग, आणि उडताना पंखांचा असा घुमणारा आवाज की खालची हरणंसुद्धा वर बघत. एवढा दांडगा पक्षी, पण दिवसभरात त्याच्याशी कोणी दोन शब्द बोलत नसे.

त्याला आणखी एक कारण होतं. त्या जंगलात एक रीत होती. चैत्र लागला की सकाळचं ऊन अंगावर घ्यायला सगळे पक्षी ओढ्याकाठच्या उंबरावर जमत. शेंड्याच्या फांदीवर कोकिळ बसून गात असे आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या असत. कोण डोलतो आणि कोण नाही, हे बघायचं काम बुलबुलानं स्वतःकडे घेतलं होतं. ते त्याला कोणी दिलं नव्हतं. पण डोक्यावर तुरा असला की आपण कोणीतरी अधिकारी आहोत असं काहींना वाटतं, तसं त्याला वाटे. ज्याची मान डोलली तो आपला. ज्याची डोलली नाही त्याच्या कानात काहीतरी बिघाड आहे, असं तो जाहीर करून टाकी.

धनेशाची मान डोलत नसे. तो मुद्दाम करत नव्हता हो. कोकिळ गायला लागला की तो कान देऊन ऐके. आवाज स्वच्छ आहे, वर चढतोय, आणखी वर चढतोय, हे सगळं त्याला समजे. फक्त आत काही हलत नसे. शेजारची मैना डोळे मिटून बसलेली, पोपट माना डोलवत बसलेले, आणि हा मात्र तुमच्या शाळेतल्या फळ्यासारखा कोरा. आपल्यालाच का नाही काही होत, या विचारानं त्याला फार वाईट वाटे.

मग एके दिवशी त्यानं ठरवलं, नाही आवडलं तरी डोलायचं. कधी डोलायचं हे कळत नव्हतं, म्हणून शेजारच्या मैनेवर नजर ठेवायची. तिनं मान हलवली की आपण हलवायची, सोपं काम. कोकिळानं गाणं सुरू केलं. मैना हलली, धनेश हलला. मैना पुन्हा हलली, धनेशही हलला. बुलबुल खूष होऊन बघत होता. इतक्यात कोकिळ श्वास घ्यायला थांबला, आणि नेमका त्याच वेळी एक मुंगळा मैनेच्या मानेला कडकडून चावला. मैनेनं जोरजोरात मान झटकली. धनेशाला वाटलं, आता काहीतरी फारच सुंदर झालं असणार! त्यानं ती भली मोठी चोच गदागदा हलवली आणि मोठ्यानं म्हणाला, "वाहवा! वाहवा!"

सगळं झाड शांत होतं. मग कोणीतरी फिसकन हसलं, आणि सगळेच हसायला लागले.

"अहो धनेशराव," बुलबुल म्हणाला, "गाणं थांबलंय. दाद कशाला देताय, शांततेला?"

"मला वाटलं..." धनेश म्हणाला.

"तुम्हाला काय वाटायचंय! डोक्यावर एवढं शिंग, कान कुठल्या कुठे दडपून गेले असतील. उद्यापासून ओढ्यापलीकडे बसा. कान सुधारले की या."

कोकिळ काही बोलला नाही. त्याला गाण्याखेरीज काही बोलायची सवय नव्हती. धनेश उडाला तेव्हा त्याच्या पंखांचा तो मोठा आवाज झाला, आणि त्यावरही कोणीतरी हसलं. त्याला त्या क्षणी वाटलं की आपल्याला पंखच नसते, चालत गुपचूप जाता आलं असतं, तर बरं झालं असतं.

ओढ्यापलीकडे एक वाळलेलं सावरीचं झाड होतं. त्यावर तो दिवसभर बसून राहिला. उंबर तिथून दिसत होता. खरं तर उंबराची पिकलेली फळं म्हणजे धनेशाचा जीव की प्राण. पण त्याला फळांची आठवण येत नव्हती. त्या फांदीवर बसलं की डाव्या बाजूला मैनेची आणि उजव्या बाजूला होल्याची जराशी ऊब लागायची, तिची आठवण येत होती. आपलं गाण्याशी जमत नाही, हे त्यानं एक वेळ सोसलं असतं. पण आपले कानच खोटे निघाले तर? मग आपल्याला जे ऐकू येतं तेही खोटंच असणार, आणि असा पक्षी कोणाला हवा असतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच झाडाच्या बुंध्यावर एक सुतार पक्षी येऊन चिकटला आणि त्यानं काम सुरू केलं. टक् टक् टक्. थोडं थांबून पुन्हा, टक् टक् टक्.

धनेशाची मान हलली.

त्यानं हलवली नव्हती. ती आपोआप हलली. आतून काहीतरी उबदार वर आलं, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते थेंब खाली सुतार पक्ष्याच्या पाठीवर पडले.

"पाऊस आला की काय अवेळी?" सुतार पक्ष्यानं वर बघितलं. "अरे, तू रडतोयस? काय झालं?"

"काही नाही, सुतारदादा. तुम्ही थांबू नका. फार सुंदर चाललंय तुमचं."

"काय सुंदर चाललंय?"

"गाणं."

सुतार पक्षी पोट धरून हसला. बुंध्यावर चिकटून पोट धरणं सोपं नसतं, तो पडता पडता राहिला. "गाणं कसलं! साल पोखरून अळ्या काढतोय मी. याला काम म्हणतात. गाणं ऐकायचं तर उंबरावर जा. मीसुद्धा काम आटपलं की तिकडेच जातो. काय गातो तो कोकिळ!" असं म्हणून त्यानं उरलेल्या दोन अळ्या गिळल्या आणि तो उंबराकडे निघून गेला.

बघा मुलांनो, ज्याच्या चोचीतून तो आवाज निघत होता त्यालाही तो आवडत नव्हता! आता मात्र धनेश पुरता एकटा पडला. आपल्याला जे आवडतं ते या जंगलात दुसऱ्या कोणाला आवडत नाही, ही गोष्ट कळायला दुःखाची असते. मोठ्यांनाही ती जड जाते.

"रडून घे. मी बघत नाहीये," मागच्या फांदीवरून आवाज आला.

एक कावळी तिथे बसली होती. धनेशानं तिला उंबरावर कधीच पाहिलं नव्हतं. ती हेवेखोर आहे, दुसऱ्याचा गोड गळा तिला बघवत नाही, असं बुलबुल सगळ्यांना सांगत असे.

"कावळीमावशी, तुमचेही कान बिघडलेत का?" धनेशानं विचारलं.

"माझे कान चांगले ठणठणीत आहेत. तुझं काय ते आधी सांग. ठोकण्याचा आवाज ऐकून कोणी रडतं का?"

कोणी न हसता विचारलं की सांगता येतं. धनेशानं सांगितलं. "मावशी, आम्ही धनेश झाडाच्या ढोलीत जन्मतो. अंडी घालायच्या आधी आई आत जाऊन बसते आणि ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून टाकते. एवढीशी फट ठेवते, चोच बाहेर जाईल इतकीच. मी डोळे उघडले तेव्हा सगळा अंधार होता. मला जंगल माहीत नव्हतं, आभाळ माहीत नव्हतं. फक्त बाहेरून आवाज यायचा, टक् टक् टक्. बाबा खोडावर चोच वाजवायचे. मग फटीतून उंबराचं फळ आत यायचं. तो आवाज आला की मला वाटायचं, बाहेर कोणीतरी आहे आणि ते आपलं आहे."

"मग?"

"मग एक दिवस तो आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. आम्ही वाट बघितली. शेवटी आईनं चोचीनं भिंत फोडली आणि ती बाहेर गेली. तिनंच मला वाढवलं. पण मावशी, गंमत बघा. कुठे सुतार पक्षी ठोकायला लागला की आई तिथून लांब उडून जायची. तिला तो आवाज सोसवत नसे. आणि मी तर तो शोधत फिरायचो. ढोली एकच, आवाजही एकच. तरी असं का?"

कावळीनं एक पाय वर घेऊन मान खाजवली. विचार करताना ती तसं करत असे.

"तुझ्या कानात तो येण्याचा आवाज आहे," ती म्हणाली. "तिच्या कानात तो न येण्याचा आवाज होता."

धनेश तिच्या जवळ सरकला. त्याच्या आईबद्दल इतकं समजून कोणी बोललं नव्हतं.

"आणि तुम्ही, मावशी? तुम्ही उंबरावर का येत नाही?"

कोकिळा आपलं अंडं कावळ्याच्या घरट्यात ठेवून जाते, हे तुम्हाला पुस्तकात शिकवलेलं आहे. पुस्तकात धडा तिथे संपतो. कावळीचा धडा मात्र तिथे सुरू झाला होता.

"मी एक पिल्लू वाढवलं," ती म्हणाली. "डाव्या पायाचं एक नख वाकडं होतं त्याचं. आवाज तर विचारू नकोस. घशात काटा अडकल्यासारखा घरघरायचा, सकाळपासून भूक भूक. शेजारणी कान झाकून घ्यायच्या. मला मात्र तो आवाज इतका गोड लागायचा की पोट भरलेलं असलं तरी मी त्याला आणखी थोडं भरवायची, पुन्हा ओरडावं म्हणून. मग एका सकाळी त्यानं तोंड उघडलं आणि आतून भलताच स्वर निघाला. लांब, स्वच्छ, वर चढणारा. मी दचकले. त्यालाही नवल वाटलं. त्याच दिवशी तो उडून गेला."

"कुठे गेला?"

कावळीनं उंबराच्या शेंड्याकडे चोच केली. तिथून कोकिळाचं गाणं येत होतं आणि सगळ्या माना डोलत होत्या.

"त्यांना त्यात वसंत ऐकू येतो," ती म्हणाली. "मला त्यात रिकामं घरटं ऐकू येतं. मी डोलू कशी?"

मग ती दोघं त्या वाळक्या झाडावर रोज बसू लागली. ती फार बोलत नसत. एकटेपणा गेला का? पूर्ण नाही गेला. कावळीला टक् टक्मध्ये काही सापडत नव्हतं आणि धनेशाला त्या घरघरणाऱ्या पिल्लाचा आवाज मनात आणता येत नव्हता. पण दोघंही एकमेकांना तसं स्पष्ट सांगत, आणि त्याचा राग कोणाला येत नसे.

इकडे बुलबुलाला चैन पडेना. आपल्या जंगलात न डोललेल्या दोन माना आहेत, हे त्याला खुपत होतं. तो कोकिळाला म्हणाला, "तू स्वतः पलीकडे जा. अगदी जवळ बसून गा. मग कसे डोलत नाहीत बघू."

एका दुपारी कोकिळ सावरीवर येऊन बसला. त्याच्या डाव्या पायाचं नख वाकडं होतं. कावळी ते बघून अंग आखडून बसली. कोकिळानं जीव तोडून गायला सुरुवात केली. उंबरावर जसा गातो त्याहून चांगला गायला. गाणं संपलं. धनेशाची मान ताठ होती आणि कावळीनं तोंड फिरवलं होतं.

"मी वाईट गायलो का?" कोकिळानं विचारलं. त्याचा आवाज पडला होता.

"नाही रे बाबा, फार छान गायलास," धनेश म्हणाला. "पण मला खोटं डोलायला सांगू नकोस. एकदा डोललो होतो, ते तुला माहीतच आहे. त्यापेक्षा तू सांग, तुला काय ऐकायला आवडतं?"

कोकिळ गोंधळला. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. सगळे त्याला ऐकायचे, तो काय ऐकतो हे कशाला कोण विचारणार?

"सांगितलं तर हसाल," तो म्हणाला.

"आम्ही? आम्हाला हसणाऱ्यांनीच इकडे पाठवलंय."

कोकिळानं आजूबाजूला बघितलं. बुलबुल नाही ना, याची खात्री करून घेतली. मग खाली मान घालून म्हणाला, "मला कावळ्यांचं ओरडणं आवडतं. ते खरखरीत काव. का ते मला कळत नाही. ते कानावर पडलं की वाटतं, आता कोणीतरी तोंडात घास घालणार आहे. रोज गाणं संपलं की मी गुपचूप गावाच्या बाजूला जातो, तिथे कावळे जमतात ना, ते ऐकायला. उंबरावर हे सांगितलं तर मला कोणी गवई म्हणणार नाही."

कावळीनं हळूच तोंड वळवलं. तिनं चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. शेवटी एकच आवाज आला, चिरका, कापरा, मध्येच तुटलेला.

"काव."

कोकिळाची मान डोलली. डोळे मिटले गेले. असा डोलताना त्याला कोणीच पाहिलं नव्हतं, कारण आजवर तो फक्त दुसऱ्यांना डोलवत आला होता. "आणखी एकदा," तो म्हणाला.

कावळीनं त्याला खरं सांगितलं का? नाही सांगितलं. धनेशानं नंतर तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सांगितलं असतं तर त्यानं उपकार आठवून मान डोलवली असती. आता डोलली ती त्याची होती. मला तेवढं पुरे."

धनेशाला त्या चिरक्या कावमध्ये गोड काहीच वाटलं नाही. अगदी खरं सांगायचं तर त्याच्या कानाला ते जरा टोचलंच. पण तो हसला नाही आणि उगाच डोललाही नाही. त्या दोघांचं होईपर्यंत तो शेजारी गप्प बसून राहिला.

जायला निघताना कोकिळ त्याला म्हणाला, "आणि तुझं? तुला काय आवडतं?"

धनेशानं सांगितलं. ढोलीचंही सांगितलं. कोकिळानं सगळं ऐकून घेतलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "मला ती नुसती ठकठक वाटते. पण उद्या उंबरावर ये. मान ताठ ठेवून बस. मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंखांचा तो मोठा आवाज करत धनेश उंबरावर आला. कावळी आली नाही. तिला यायचं नव्हतं आणि तिला कोणी ओढलंही नाही. बुलबुल तुरा फुलवून पुढे झाला, "कान सुधारले का?"

"नाही," धनेश म्हणाला. "होते तसेच आहेत."

"मग इथे..."

"त्याला बसू दे," वरून कोकिळ म्हणाला. तो बोलतो हेच कित्येकांना माहीत नव्हतं. बुलबुल चपापून मागे सरकला, आणि गाणं सुरू झालं.

गाणं अगदी रंगात आलं होतं. माना डोलत होत्या. इतक्यात ओढ्यापलीकडे, वाळक्या सावरीवर सुतार पक्ष्यानं काम सुरू केलं. एरवी गाण्याच्या गजरात ते कोणाला ऐकूही गेलं नसतं. पण कोकिळ मध्येच थांबला. वर चढलेला स्वर त्यानं तसाच सोडून दिला आणि चोच मिटून घेतली.

"श्वास अडला का?" बुलबुल कुजबुजला. कोकिळानं त्याच्याकडे बघितलं नाही. सगळं झाड गप्प झालं. मैना इकडे बघे, पोपट तिकडे बघत. त्या शांततेत दुरून एवढंच येत होतं, टक् टक् टक्. थोडं थांबून पुन्हा, टक् टक् टक्. ते सगळ्यांच्या कानांवर पडत होतं आणि कोणालाही त्यात काही सापडत नव्हतं. तरी आज कोणी हसलं नाही. कारण एवढ्या मोठ्या उंबरावर एकच मान डोलत होती, धनेशाची, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तात्पर्य : ज्याचं त्याचं गाणं ज्याच्या त्याच्या आयुष्यातून कानात शिरलेलं असतं, ते आपल्याला आवडलंच पाहिजे असं नाही, पण कोणी ते ऐकत असेल तर आपलं गाणं घटकाभर थांबवावं.